रेनिंग: घोडी मार्करच्या आधीच थांबते, काय करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इथे घोडेवाले कोणी आहेत का माहीत नाही पण विचारून बघते. मी डॅलसजवळ राहते, वय 43, दोन वर्षं रेनिंग शिकतेय. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा घोडेस्वारीचा खेळ, ठरलेला पॅटर्न एकट्याने करायचा, लहानमोठी वर्तुळं, जागच्या जागी गरगर चार फेरे म्हणजे स्पिन, आणि जोरात सरळ पळत येऊन (हा रनडाउन) मागच्या पायांवर घसरत थांबणं म्हणजे स्लायडिंग स्टॉप; मार्कर म्हणजे कडेची खूण, ती ओलांडूनच थांबायचं. माझ्या घोडीला कर्ब बिट (बिट म्हणजे लगामाचा तोंडातला धातूचा भाग) आहे त्यामुळे लगाम एकाच हातात, दुसरा लागला की स्कोर शून्य.) याआधीचा अनुभव म्हणजे माथेरान, तिथे घोडाच आपल्याला फिरवतो!

लीजवर घेतलेली क्वार्टर हॉर्स घोडी आहे, 14 वर्षांची, स्वभावाने गाय. पण रनडाउनमध्ये मी नुसता श्वास सोडला तरी बाई थांबायला लागतात, तेही पुढच्या पायांवर धाडधाड, दात हलतात माझे. मागच्या शोमध्ये दोनदा मार्करच्या अलीकडेच थांबली, त्याचे 2-2 गुण गेले, शिवाय तिन्ही स्टॉपना उणे अर्धा, सुरुवातीच्या 70 वरून थेट 64.5. स्पिन आणि वर्तुळं बरी होती हो. बिट बदलू का?

प्रतिसाद १:
बिट नका बदलू. रोज त्याच जागी थांबवत असाल तर तिला पाठ झालंय. आठवडाभर रनडाउन करा पण स्टॉप मागूच नका, सरळ कुंपणापर्यंत जा नाहीतर वळून परत वर्तुळात. वेग हळूहळू वाढवत न्या, ती घाई करायला लागली की तिथेच सोडून द्या. आणि तुम्ही पुढे वाकता का? स्टॉपच्या आधी घाबरून रिकिबीवर उभं राहतात बरेच जण, मग घोडा पुढेच पडणार. खोगिरात बसा, व्हो (थांबायचा इशारा) एकदाच म्हणा, लगाम नंतर. नुसतं हळू करायला व्हो म्हणू नका कधीच. बाकी मागच्या पायांना स्लायडर नाल आहेत ना?

धागाकर्ती:
वाकते बहुतेक, व्हिडिओ बघते. स्लायडर म्हणजे? नाल साधेच आहेत, ट्रेलवर पण नेतात तिला.

प्रतिसाद १:
अहो मग घसरणार कशी ती! स्लायडर म्हणजे मागच्या पायांचे रुंद, सपाट, गुळगुळीत नाल, इंचभर तरी रुंद असतात. साधा नाल मातीत रुततो, झटका हॉकवर (मागच्या पायाच्या मधल्या सांध्यावर) आणि कंबरेवर बसतो, मग थांबणं म्हणजे दुखणं असं डोक्यात बसलं की घोडा पुढचे पाय ताठ करणारच. तिला दोष नको. नाल बदलेपर्यंत जोरात स्टॉप बंद, आणि एकदा व्हेटला हॉक दाखवून घ्या, 14 वर्षांची आहे.

प्रतिसाद २:
जमीन पण बघा, खाली पक्का थर आणि वर दोन-तीन इंच मोकळी माती लागते. खोल वाळूत स्लायडर लावूनही काही होत नाही. आणि स्लायडर लावल्यावर ट्रेल विसरा, ओल्या गवतावर सुद्धा जपून.

धागाकर्ती:
बापरे, दोन वर्षांत हे कोणी बोललंच नाही. मालकिणीशी बोलले, ट्रेल बंद करायला ती तयार आहे, नालबंद गुरुवारी येतोय. व्हिडिओ पण बघितला, रिकिबीवर चक्क उभी आहे मी.