शेडकडे झुकलेली निलगिरी, न फुटणारे ओंडके आणि तिरकी जाणारी करवत: मदत हवी आहे

परसदार

घरामागची तीन कामं एकदम अडली आहेत. जाणकारांनी वाट दाखवावी.

1) उभी निलगिरी. छातीच्या उंचीला घेर 126 सेंमी, म्हणजे व्यास साधारण 40 सेंमी. उंची अंदाजे 12 मीटर. शेंडा शेडच्या बाजूला किंचित झुकलेला, आणि शेड बुंध्यापासून 8 मीटरवर. उलट बाजूला 20 मीटर मोकळं. विजेच्या तारा नाहीत, तोडायची परवानगी हातात आहे. झाड मोकळ्या बाजूला पाडता येईल का? पाचरी आणि दोर आहेत.

2) आधी पाडलेल्या दुसऱ्या निलगिरीचे ओंडके. व्यास 45, लांबी 50 सेंमी, दोन महिने उन्हात पडून आहेत. 2 किलोची कुऱ्हाड मधोमध मारली की एकतर उसळते, नाहीतर अडकून बसते. ओंडके पाण्यात भिजवले तर फुटतील का?

3) चेन सॉ, 16 इंची पट्टी. काप सरळ जात नाही, उजवीकडे वळतो. चुरा पिठासारखा पडतो. साखळी बदलावी का?

पाचर

"किंचित" आणि "अंदाजे" या दोन शब्दांवर झाड पाडता येत नाही. आधी दोन मापं घ्या.

उंची: हात सरळ ताणून मुठीत काठी उभी धरा. मुठीच्या वर काठी तेवढीच ठेवा जेवढं डोळ्यापासून मुठीपर्यंतचं अंतर. मूठ बुडाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे सरका. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे उंची. जमीन सपाट हवी, आणि झुकाव ज्या दिशेला आहे त्याच्या काटकोनात उभं राहायचं. समोरून किंवा मागून मोजलं तर आकडा चुकतो.

झुकाव: त्याच जागेवरून ओळंबा धरा आणि दोरी शेंड्याच्या मध्यावर आणा. दोरी खाली जमिनीला जिथे टेकलेली दिसते तिथे कोणाला तरी खूण करायला सांगा. खूण ते बुंध्याचा मध्य, एवढा झुकाव. शिवाय फांद्यांचा भार कुठे जास्त आहे तेही बघा. खोड सरळ आणि सगळा डोलारा एका अंगाला, असंही असतं.

हे एवढं कशासाठी, तर पाचरीचा हिशेब त्यावर आहे. 40 सेंमीच्या खोडात पडायच्या बाजूला व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे 10 सेंमी खोल खाच. तिच्या मागे न कापता सोडायची बिजागरी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, 4 सेंमी. झाड या बिजागरीच्या मध्यावर वळतं, आणि तिथून मागच्या सालीपर्यंत 28 सेंमी उरतात. 2.5 सेंमी जाडीची पाचर पूर्ण आत गेली तर 12 मीटरवरचा शेंडा 2.5 × 1200 ÷ 28, म्हणजे एक मीटरहून थोडा जास्त सरकतो. झुकाव 40 सेंमी असेल तर पाचर पुरेल. दीड मीटर असेल तर एका पाचरीचं ते काम नाही. दुसरी तिच्यावर रचली की निसटते. त्या दोघींमध्ये भुसा किंवा मातीची चिमूट टाकून घसरण कमी होते, पण शेड पणाला लावण्याइतका त्यावर माझा भरवसा नाही.

कापायचा क्रम:

खाच 70 ते 90 अंशांची उघडी ठेवा. 45 अंशांची अरुंद खाच झाड अर्ध्यात असतानाच मिटते आणि बिजागरी अवेळी तुटते. तिथून पुढे झाड त्याच्या मर्जीने जातं. खाचेचे वरचा आणि खालचा काप एकाच रेषेत मिळायला हवेत. एखादा पुढे गेला तर बिजागरी तिथेच कमजोर होते.

मागचा काप खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीत घ्या. पट्टी पूर्ण आत गेली आणि मागे जागा झाली की थांबून लगेच पाचर बसवा, मग पुढे कापा. तुमचं झाड मागे झुकलेलं आहे. पाचर लावायला उशीर झाला तर काप मिटतो आणि पट्टी अडकते. पाचर प्लास्टिकची किंवा लाकडाची हवी. लोखंडी पाचरीला साखळी लागली की दात गेले, आणि तुकडा तोंडावर आला तर त्याहून वाईट.

बिजागरी कधीही आरपार कापू नका. झाड पडत नाही म्हणून "अजून थोडं" कापणं, बहुतेक अपघात इथेच होतात.

दोर लावायचाच तर दोन तृतीयांश उंचीवर बांधा. ओढणारा माणूस झाडाच्या उंचीपेक्षा लांब हवा, आणि पडायच्या रेषेत नको. त्यासाठी पुढे एक मजबूत आधार आणि कप्पी घेऊन दोर बाजूला वळवा. गाडीने हिसका देऊ नका. मागचा काप पुरेसा झाला नसताना जोरात ओढलं तर खोड उभं चिरतं आणि मागचा फाळ कापणाऱ्याच्या छातीवर येतो.

पळायची वाट पडण्याच्या दिशेच्या मागे, तिरकस 45 अंशांत, दोन्ही बाजूंना, किमान 5 मीटर साफ. झाडाच्या दुप्पट उंचीच्या घेऱ्यात दुसरं कोणी नको. हेल्मेट, जाळी, कानाचं संरक्षण आणि साखळीरोधक पॅन्ट यावर वाद नको.

कानसवाला

तिसऱ्याचं उत्तर: साखळी बदलू नका, कानस फिरवा.

पिठासारखा चुरा म्हणजे दात बोथट. धारदार साखळी बारीक ढलप्या काढते. एका बाजूला वळणं म्हणजे डाव्या आणि उजव्या दातांची लांबी किंवा धार सारखी नाही. करवत लांब आणि धारदार दातांकडे ओढली जाते. तुमची उजवीकडे जाते, म्हणजे डावे दात जास्त घासले गेले असावेत. उजव्या हाताने कानस चालवणाऱ्याचा एका बाजूला जोर जास्त पडतो, हे नेहमीचंच.

व्हर्नियरने सगळ्या दातांच्या वरच्या पात्याची लांबी मोजा. सगळ्यात आखूड दात शोधा आणि बाकीचे त्याच्याएवढे करा. जीवावर येतं, पण दुसरा उपाय नाही.

कानसेचा व्यास साखळीच्या मापावर, म्हणजे तिच्या कड्यांमधल्या इंचांतल्या अंतरावर ठरतो. लहान घरगुती करवतींवरच्या 3/8 लो प्रोफाइलला 4 मिमी, .325 ला 4.8 मिमी. पट्टीवर मागच्या टोकाला माप कोरलेलं असतं, ते वाचा. कोन 30 अंश. कानसेचा साधारण पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. कानस आतून बाहेर फक्त ढकलायची, परत आणताना उचलायची. प्रत्येक दाताला मोजून सारखेच घास.

तीन-चार वेळा धार लावली की दातापुढचा तो लहान उंचवटाही उतरवावा लागतो. दात आणि उंचवटा यांत 0.65 मिमी फरक हवा. कमी असेल तर धार असूनही कापत नाही. जास्त असेल तर करवत लाकूड ओरबाडते आणि उसळते.

एवढं करूनही वळत असेल तर पट्टीच्या कडा बघा. पट्टी काढून सपाट फरशीवर तिच्या धारेवर उभी करा. काटकोनात न राहता कलली तर एक कड झिजली आहे. चपट्या कानसेने दोन्ही कडा समान करा आणि दर धारेला पट्टी उलटी लावत जा.

साखळी एकदा जरी मातीला लागली तरी सगळी धार जाते. जमिनीवरचा ओंडका कापताना दोन तृतीयांश वरून कापा, ओंडका लोळवा, उरलेलं पुन्हा वरून.

दीडहात दांडा

भिजवू नका, उलट होईल. सरपण कोरडं करायचंय आणि त्यात पाणी कुठे घालता? निलगिरीची रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकमेकींत गुंतलेली असते. ओली असताना ती फुटते, सुकत गेली की हाडासारखी होते. पुढचं झाड पाडल्याच्या आठवड्यातच फोडून टाका. आता या ओंडक्यांचं:

लांबी निम्मी करा. 50 सेंमीचे 25-25. फोडायला लागणारा जोर लांबीबरोबर वाढतो. गुंतलेल्या रेषेत तर खूपच.

मध्ये मारू नका. 45 सेंमीच्या ओंडक्याच्या मध्यावर घाव घालणं म्हणजे चारही बाजूंच्या लाकडाशी एकदम भांडणं. कडेपासून 6-8 सेंमी आत, सालीला समांतर मारा. चिरफळी सुटते. मग ओंडका फिरवा, पुढची. मध्ये चौकोनी गाभा उरेल, तो शेवटी. तोंडावर आधीच तडा गेलेला असेल तर पहिला घाव तिथे.

2 किलोच्या कुऱ्हाडीला या जाडीचं लाकूड जड जातं. 3 ते 3.5 किलोचं, रुंद पाचरीसारखं पातं असलेलं हत्यार घ्या. पातळ धारेची कुऱ्हाड कापते, बाजूला ढकलत नाही, म्हणून अडकते. दांडा 80 ते 90 सेंमी. आखूड दांड्याचा घाव चुकला की पाय समोर असतो.

खाली ठोकळा हवाच, 35 ते 45 सेंमी उंच. घाव बसताना गुडघे वाकवा, म्हणजे दांडा जमिनीला समांतर राहतो आणि चुकलेला घाव ठोकळ्यात जातो. ठोकळ्यावर जुना टायर ठेवून ओंडका त्यात उभा केला तर चिरफळ्या इकडेतिकडे उडत नाहीत. दर घावाला वाकून उचलणं वाचतं, कंबर आभार मानेल.

गाठ असेल तर ती खाली, ठोकळ्याच्या बाजूला ठेवा आणि घाव गाठीच्या रेषेत नको, तिच्या बाजूने. बेचक्याच्या ओंडक्याशी कुस्ती खेळू नका. तो आडवा ठेवा, चेन सॉची पट्टी रेषेला समांतर धरून उभा चिरा. सुतळीसारखे लांब धागे निघतात आणि साखळीच्या झाकणात तुंबतात, म्हणून मध्ये मध्ये करवत बंद करून ते काढत जा.

आणि दांडा ढिला झाला म्हणून कुऱ्हाड पाण्यात टाकणारे असतात. लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट वाटतं. त्या फुगण्यात तंतू चेपतात, सुकल्यावर आधीपेक्षा ढिला होतो.

बुडखा

पाचर यांचा हिशेब बरोबर, पण निरोगी खोडासाठी. आधी बुंधा ठोकून बघा. कुऱ्हाडीच्या पाठीने जमिनीपासून खांद्यापर्यंत, चारही बाजूंनी. भरीव लाकूड कडक वाजतं, पोकळ ढोलासारखं. शंका आली तिथे 5-6 मिमीचं लांब ड्रिल घाला. पांढरट-लालसर ताजा चुरा येत राहिला तर ठीक. ड्रिल अचानक आत शिरलं किंवा तपकिरी भुकटी आली तर किती सेंमीवर, ते लिहा. बुडाशी अळंबी किंवा वाळवीची माती आहे का तेही बघा.

परसदार

सगळं केलं. उंची 12 नाही, 14 मीटर निघाली. झुकाव 1.6 मीटर. शेडच्या बाजूला जमिनीपासून 60 सेंमी उंचीपर्यंत आवाज पोकळ. ड्रिल 5 सेंमीवर आत शिरलं, भुकटी तपकिरी. दोन ठिकाणी असंच. वरून, म्हणजे मीटरभर उंचीवर, खाच घेतली तर?

साखळीला मात्र धार आली, ढलप्या पडायला लागल्या. एका डाव्या दातात आणि समोरच्यात दीड मिमीचा फरक होता.

बुडखा

हात लावू नका. व्यास 40 म्हणजे त्रिज्या 20. निरोगी भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून, म्हणजे साधारण 6.5 सेंमीहून कमी असेल तर खोड मोडण्याच्या धोक्यात धरतात. तुमची 5 आहे, तीही झुकावाच्याच बाजूला, जिथे झाडाचं वजन दाबतं.

त्यात पाडायचं तंत्र इथे चालत नाही. मधलं लाकूड कुजलेलं, म्हणून बिजागरीच्या फक्त दोन कडा उरतात. पाचर नेमकी शेडच्या बाजूने, कुजक्या भागात ठोकायची. ती झाड उचलणार नाही, लाकडातच रुतेल. दोराने जोरात ओढलं तर खोड पोकळ जागी मोडेल आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. मीटरभर उंचीवर आवाज भरीव असला तरी खाच छातीशी येते, करवत खांद्यापाशी चालवावी लागते आणि पळताना पाय अडखळतो. पोकळी वर कुठवर गेली हेही बाहेरून कळत नाही.

व्यावसायिकाला बोलवा. शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने उतरवायचं झाड आहे हे. पोकळीचं आधीच सांगा, ड्रिलच्या जागा दाखवा. मग ते दोराने खोडावर चढणार नाहीत, बकेट लिफ्ट आणतील. तोवर झाडाखाली काही ठेवू नका, वाऱ्याच्या दिवशी शेडमध्ये जाऊ नका.

पाचर

सहमत. वरचे माझे आकडे या झाडाला लावू नका. 14 मीटरला एक पाचर सव्वा मीटर देते, तुम्हाला 1.6 च्या पुढे हवंय. निरोगी असतं तरी नाही म्हटलं असतं.

परसदार

ठीक, लिफ्टवाल्यांना विचारतो. ओंडके कडेने सोलायला लागलो, फुटतायत. रचायचे कसे? आणि एका ओंडक्यात लोखंडी पाचर पूर्ण रुतून बसली आहे, डोकंही आत गेलं.

दीडहात दांडा

रचणं: चिरफळ्या 8 ते 12 सेंमी जाड. खाली दोन वासे टाकून जमिनीपासून 10-15 सेंमी वर, एकेरी रांग, उंची 1.2 मीटरच्या आत, भिंतीपासून हातभर लांब. झाकण फक्त वरून. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी.

पाच चिरफळ्यांवर नंबर घालून दर पंधरवड्याला वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेत जेवढं सुकायचं तेवढं सुकलं. निलगिरीला वर्षभर सहज लागतं. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर चिरफळी नव्याने फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागाच्या मध्यावर लावा. तोंडावर लावलं तर खोटा कोरडा आकडा येतो. 20 टक्क्यांच्या खाली आलं की जाळा. त्याआधी जाळलं तर धूर आणि धुराड्यात डांबर.

रुतलेली पाचर: करवत तिच्या जवळ नेऊ नका. ओंडका उलटा करा, दुसऱ्या तोंडावर त्याच तड्याच्या रेषेत, कडेजवळ दुसरी पाचर घणाने ठोका. तडा खालच्या पाचरीपर्यंत आला की ती आपोआप सुटते. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकू नका, दांड्याचं भोक पसरतं. बाहेर आल्यावर पाचरीचं डोकं बघा. कडा फुलासारख्या वळल्या असतील तर पुन्हा वापरायच्या आधी ग्राइंडरवर उतरवा, पुढच्या घावाला तोच कपचा उडतो. गॉगल तेव्हाही घाला.