मदत हवी आहे: नवरा हनफी, मी शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या दोन वेगळ्या परंपरांतले. फित्रा (रमजानअखेर गरिबांना माणशी द्यायचं दान) कुणाच्या हिशोबाने काढायचा?

ओंजळभर:
माहेर दापोलीकडचं, सासर सोलापूरचं, राहतो पुण्यात. इतकी वर्षं रमजान सासरी व्हायचा आणि फित्र्याचं सासरेच बघायचे. यंदा घरात आम्ही तिघंच, मी, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. त्यामुळे हिशोब आमच्या गळ्यात.

इथल्या मशिदीबाहेर फलक लागलाय, माणशी पावणेदोन किलो गव्हाची किंमत. नवऱ्याचं म्हणणं, तिघांचे पैसे पेटीत टाकू, विषय संपला. मला ते पचत नाहीये. आमच्याकडे फित्रा म्हणजे तांदूळ. रमजानच्या शेवटी आई पडवीत पोतं उघडून बसायची आणि अब्बांना हाक मारायची, कारण ओंजळ बापयाची, म्हणजे पुरुषाची हवी. घरातल्या एकेकाचं नाव घेत अब्बा चार ओंजळी पिशवीत ओतायचे, वर एक मूठ जादा. पाळण्यातल्या पोराच्या नावचेसुद्धा. ईदची नमाज व्हायच्या आत पिशव्या ज्याच्या त्याच्या घरी पोचलेल्या असायच्या.

तर प्रश्न असे. मी तांदूळच द्यायचा का, आणि किती किलो? माझा फित्रा मी काढायचा की नवऱ्याने? गावात माझा एक चुलतभाऊ आहे, रिक्षा चालवतो, परिस्थिती बेताची. त्याला दिला तर चालेल का? आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी हिंदू आहेत, त्यांना देता येतो का?

मौलानांना विचारणार आहेच, पण विचारायचं काय तेवढं तरी नीट कळू दे.

खाडीपल्याड:
ताई, मी श्रीवर्धनचा, त्यामुळे अर्धं तुमचंच दुखणं. शाफईत एक पूर्ण साअ धान्य, म्हणजे चार मुद. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. अब्बांचं माप अगदी बरोबर होतं. वजनात अडीच किलोच्या आसपास येतं, लोक खबरदारी म्हणून तीन किलो देतात. धान्य कुठलं, तर ज्या गावात आहात तिथलं रोजच्या जेवणातलं. कोकणात प्रश्नच नाही. पुण्यात पोळीही आहे, भातही आहे, दोन्हीतलं कुठलंही चालावं. पण गहू दिलात तरी पूर्ण साअ द्यायचा, फलकावरचा अर्धा नाही. आणि पैसे नाहीत, धान्यच.

सोलापुरी_चादर:
वहिनी, भाऊजींची बाजू मांडतो. हनफीत गव्हाचा अर्धा साअ. जव, खजूर, मनुका दिल्या तर पूर्ण. किंमतही चालते, उलट गरिबाला पैसाच जास्त उपयोगी पडतो असं आमचे उलेमा म्हणतात. अर्ध्या साअचं वजन कुणी १ किलो ६३३ ग्रॅम सांगतं, कुणी दोन किलोंच्या वर. तुमच्या मशिदीने मधला आकडा धरलेला दिसतो.

एक मात्र लक्षात ठेवा. हनफीत बायकोचा फित्रा नवऱ्यावर नाही, तिची ऐपत असेल तर तिच्यावर. ऐपत म्हणजे गरजेपलीकडचं सगळं मिळून साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकं. दागिन्यांचं सोनं धरलं तर बहुतेक बायका त्यात बसतात. जकातीसारखं वर्षभर साठून राहायची अटही नाही.

वाचनमात्र_होतो:
मधेच विचारतो, जकात आणि फित्रा एकच नाही का?

खाडीपल्याड:
नाही. जकात मालमत्तेवर, वर्षातून एकदा अडीच टक्के. फित्रा डोक्यामागे, रमजान संपताना, लहानथोर सगळ्यांचा. रोजात बोलण्याचालण्यात जे कमीजास्त झालं ते धुऊन निघावं आणि ईदला गरिबाच्या घरी चूल पेटावी, हे त्याचं कारण हदीसमध्येच आहे.

आता ताईंचं. शाफईत बायकोचा फित्रा नवऱ्यावर, हनफीत तिचा तिच्यावर. म्हणजे तुमच्या घरात दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकता! भांडण नको असेल तर तुमचा तुम्हीच तांदळात काढा. बायकोने स्वतःच्या पैशातून काढला तर शाफईत तो उतरतो. मुलीचा बापावर, तो दोन्हीकडे सारखा. ते त्यांच्या पद्धतीने देतील.

जुनी_पोथी:
अर्ध्या-पूर्ण साअचा वाद आजचा नाही. खलिफा मुआविया मदीनेला आले असताना मिंबरवरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) म्हणाले की शामच्या, म्हणजे सीरियाकडच्या गव्हाचे दोन मुद मला खजुराच्या एका साअच्या तोडीचे वाटतात. लोकांनी ते उचललं. पैगंबरांचे सोबती अबू सईद खुदरी मात्र म्हणाले, मी पैगंबरांच्या काळात जेवढा देत होतो तेवढाच देत राहणार. शाफई मंडळी हा दाखला देतात. हनफींकडे त्यांचे वेगळे दाखले आहेत, तेव्हा कुणी कुणाला कंजूष म्हणू नये. (आमच्याकडे म्हणतात.)

चुलतभावाला खुशाल द्या, गरजू असेल तर नात्यातला आधी. आईबाप, आजीआजोबा आणि स्वतःची मुलं यांना चालत नाही. मावशींचं म्हणाल तर शाफईत फित्रा मुस्लिम गरिबालाच. हनफी परंपरा ज्यांच्या नावाची त्या इमाम अबू हनीफांनी बिगर-मुस्लिम गरिबाला द्यायची सूट दिली, त्यांचेच शिष्य अबू युसूफ यांनी नाही. मावशींना सदका, म्हणजे ऐच्छिक दान द्या ना, त्याला ना माप ना धर्माची अट. फित्र्याच्या तीन किलोंत त्यांना कशाला बसवता?

ओंजळभर:
जीव भांड्यात पडला. मावशींचं एकदम पटलं. चुलतभावाचा तांदूळ मग पुण्यातून पाठवू का? तसे आम्ही ईदला गावीच जाणार आहोत.

खाडीपल्याड:
थांबा, मग पुन्हा विचार करावा लागेल. शाफईत फित्रा शेवटच्या रोजाच्या मगरिबला, म्हणजे सूर्य मावळताना लागू होतो आणि त्या वेळी माणूस जिथे असेल तिथल्याच गरिबांना द्यायचा असतो. एका गावचा उचलून दुसऱ्या गावी नेणं आपल्याकडे बसत नाही. तुम्ही निघताय कधी?

ओंजळभर:
एकोणतिसाव्या रोजाला, इफ्तार करून रात्री.

खाडीपल्याड:
मग सगळं चंद्रावर. एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद दिसून रमजान संपला तर मगरिबला तुम्ही पुण्यात होतात, फित्रा पुण्याचा. निघण्याआधी इथल्याच कुणा गरजूंच्या हातात द्या. नाही दिसला तर तिसावा रोजा गावी, मगरिब गावी, फित्राही गावचा आणि चुलतभावाची पिशवी पक्की. तुमच्या मिस्टरांना ही धावपळ नाही. हनफीत फित्रा ईदच्या पहाटे लागू होतो, पण आधी दिलेला चालतो, आणि जास्त गरजू नातेवाईक दुसऱ्या गावी असेल तर तिकडे पाठवायलाही हरकत नाही.

सोलापुरी_चादर:
म्हणजे चुलतभावाला भाऊजींनी द्यावा, तोही रोख! ईदच्या आदल्या दिवशी रिक्षावाल्याला तांदळापेक्षा नोटा बऱ्या.

ओंजळभर:
नवऱ्याला वाचून दाखवलं, तो एका पायावर तयार आहे. त्याचा आणि मुलीचा मिळून पैसे चुलतभावाला, उद्याच पाठवतोय. माझे तीन किलो आज वाण्याकडून आणलेत, रोज खातो तोच कोलम. चांद दिसला तर पुण्यात द्यायला कुणीतरी आधीच बघून ठेवायला हवं. कोंढव्यात कुणाच्या ओळखीत खरंच गरजू घरं असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. नावं इथे उघड लिहू नका, प्लीज.

जुनी_पोथी:
व्यनि केलाय. तीन घरं आहेत, तिन्हीकडे थोडा थोडा वाटून द्या, शाफईत तसंच सांगतात. चांदची बातमी आली की लगेच निघा, त्या रात्री रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते.