४,२९,४९,६७,२९७ : मोबाईल असताना हातानं कामून फोडायची?

मोंढ्यातला_मुनीम
काल इथं एकानं लिहिलं की २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे वरचा आकडा, ही मूळ संख्या आहे का, ते मोबाईल क्षणात सांगतो. पोरांना कागदावर बसवणं म्हणजे वेळेची नासाडी. रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, फर्मा या गणित्यालाही ती मूळच वाटली होती, कारण २ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १ या ओळीतल्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ पाचही मूळ. १७३२ मध्ये ऑयलर या गणित्यानं फोडली: ६४१ गुणिले ६७,००,४१७. सरळ भागत बसलात तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या आहेत. पण हिच्या कोणत्याही विभाजकातून १ काढला की ६४ नं भाग जातोच. मग तपासायला अशा मूळ संख्याच उरतात: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला निकाल! हे कामून, ते मोबाईल सांगतो का?

लातूरवाला
पोस्ट माझीच. मी शिकवणी घेतो. पेपरात एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं. बापानं रान गहाण टाकून फी भरलेली असते, त्या पोराला ऑयलर सांगत बसू?

परभणीची_लेक
आधी हा आकडा पोरांना वाचता तरी येतो का? चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ आलं तर केवढी ओरड झाली! माझ्या पोरानं मोंढ्यात ‘एकोणसत्तर कट्टे’ ऐकून वहीत ७९ लिहिले. दहा कट्ट्यांवरून हमालाशी भांडण, अन् चूक आमचीच.

गोदाकाठ
ताई, दोष पोराला शिकवणाऱ्याचा, शब्दाचा नाही. एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी. वजाबाकी नावातच आहे. आमचे आबा निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकले, पण पावकी, दिडकी, अडीचकी हे पाव, दीड, अडीचचे पाढे घरी पाठ. आडत्यानं पट्टी लिहायच्या आत रक्कम तोंडी सांगायचे.

परभणीची_लेक
आबांना पाठ होतं, माझ्या पोराला नाही. त्याला ढ म्हणायलात का?

गोदाकाठ
तसं म्हणालो नाही. पण ‘साठ नऊ’ म्हणणाऱ्याला बाजारात कोण उभं करील?

परभणीची_लेक
कानडीत, तेलुगूत तसंच म्हणतात. तिकडच्या सीमेवरल्या देगलूरच्या बाजारात जाऊन बघा, कुणाचं अडतंय!

गोदाकाठ
देगलूरचं खरं आहे. तरी शब्द टाकून द्यायला माझा विरोध राहील.

मोंढ्यातला_मुनीम
आकड्यावर या हो. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. अन् ६२५ अधिक १६ सुद्धा, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. या दोन ओळींवरूनच भाग जातो हे सिद्ध होतं, मोठा भागाकार करावाच लागत नाही. लातूरवाले, एकदा कागदावर करून बघा.

लातूरवाला
केलं. पाठकोऱ्या कागदावर सात ओळी लागल्या. परीक्षेत याचा उपयोग नाही, हे माझं म्हणणं कायम. रविवारच्या बॅचला वर्ग सुटल्यावर फळ्यावर मांडतो. ज्याला थांबायचं तो थांबेल.