मदत हवी आहे: एमसी कार्ट्रिजसाठी ट्रान्सफॉर्मर घेऊ की पूर्ण ॲक्टिव्ह फोनो प्रीॲम्प? (परभणी)

मंडळी, नमस्कार.

वडिलांच्या शास्त्रीय गायनाच्या एलपी दिवाळीपासून परत ऐकायलोय. टर्नटेबलवर डेनॉन डीएल-१०३ ही एमसी (मूव्हिंग कॉइल, कमी आउटपुटची) कार्ट्रिज, म्हणजे सुईचा भाग, बसवली आहे. तिचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, आतला रोध ४० ओहम. माझा फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) मात्र नुसता एमएमचा, म्हणजे जास्त आउटपुटच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठीचा, ४० डेसिबलचा. ॲम्पचा आवाज पार वर न्यावा लागतो, मग आलापाच्या सुरुवातीला तानपुऱ्याच्या आधी सूंऽऽ असा फुसफुसाटच कानात भरतो.

नांदेडच्या मित्राकडून १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर (प्रीॲम्पच्या आधी सिग्नल दहापट करणारा) आठ दिवस आणला होता. खरं सांगतो, त्या रात्री पहिल्यांदा तानपुऱ्याची जवारी ऐकू आली. गाणाऱ्याचा श्वास, दोन ओळींमधली शांतता, सगळं. हिशेबही जुळतो: २० डेसिबल वाढ म्हणजे ०.३ चे ३ मिलिव्होल्ट, आणि एमएम प्रीॲम्पच्या इनपुटचा ४७ किलोओहम रोध (लोड) कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतो. वर त्याला वीजच लागत नाही.

अडचण घरघरीची. ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवला की ५० हर्ट्झची घरघर थेट खर्जाच्या तारेत मिसळते. डबी पाव फेरी फिरवली की कमी होते, तीन फूट लांब नेली की आणखी कमी, पण पूर्ण जात नाही. लाईट गेली की विचारूच नका. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, तेव्हा घरघरीला करवतीसारखी धार येते. अर्थिंगचं दुखणं वेगळंच. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आठवड्यातून दोनदा पाणी ओततो.

ॲक्टिव्ह, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एमसी प्रीॲम्पमध्ये ६० डेसिबल एकाच डब्यात मिळतात, लोड बटणाने १०० ओहमही करता येतो, आणि चुंबकीय क्षेत्राचा त्रासही कमी. पण मग सगळी मदार त्याच्या पॉवर सप्लायवर, आणि आमच्याकडे व्होल्टेज संध्याकाळी खाली, पहाटे वर.

तर ज्यांनी डीएल-१०३ दोन्हीवर ऐकली आहे त्यांना विचारतो. गावाकडच्या विजेवर शांत काय राहिलं? बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह कोणी वापरलाय का? म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या) डबीतला ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरपासून किती लांब ठेवलात? १:२० घेतला तर लोड ११७ ओहमवर येतो, त्याने तारसप्तक दबतं का?

बजेट ३० हजार. भारी-स्वस्त यापेक्षा तानपुरा स्वच्छ यायला हवा, एवढंच बघतोय. वडील आता ८१ वर्षांचे आहेत, रोज संध्याकाळी खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसतात.