एसटीपीचे (मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पाचे) हवा देणारे ब्लोअर संगणकीय मॉडेलच्या हाती द्यावेत का?

मुठाकाठ: यापुढच्या एसटीपीच्या निविदांमध्ये मॉडेलवर चालणारं नियंत्रण सक्तीचं करावं, असं माझं ठाम मत आहे. सक्रिय गाळ पद्धत, म्हणजे हवा देऊन पोसलेल्या जिवाणूंच्या गाळाकडून मैलापाणी साफ करून घेणं, १९१४ची, मँचेस्टरची. तिचं गणित हेन्झे आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एएसएम-१ या मॉडेलमध्ये मांडलं. टाकीतले जिवाणू किती खातील, किती प्राणवायू घेतील, अमोनिया किती उतरेल, हे आधी काढता येतं. आपल्याकडे मात्र कित्येक ठिकाणी ब्लोअर रात्रंदिवस एकाच गतीने चालतात. प्लांटच्या विजेतला साधारण निम्मा वाटा हवा देण्यात जातो. पहाटे तीनला मैलापाणी जेमतेम येतं, तरी हवा तेवढीच. हा पैसा करदात्यांचा आहे.

शिफ्टवाला: मी प्लांटवर शिफ्ट करतो, म्हणूनच विरोध करतोय. मॉडेल ज्या डीओ प्रोबवर (पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरवर) विसंबणार, त्याच्यावर थोड्याच दिवसांत बुळबुळीत थर चढतो. टाकीत प्राणवायू लिटरला दोन मिलिग्रॅम असतो, स्क्रीनवर अर्धा दिसतो, आणि कंट्रोलर ब्लोअर वाढवत सुटतो. प्रोब पुसायला माणूस नाही, सुटा भाग मागवला की फाइल फिरत राहते. त्यापेक्षा लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून तीस मिनिटं ठेवा. गाळ कुठवर बसला, वरचं पाणी नितळ की गढूळ, समोर दिसतं.

मुठाकाठ: सिलिंडर आजचं सांगतो. गाळ काढणं आज निम्म्यावर आणलं तर पंधरा दिवसांनी काय होईल, हे त्यात दिसत नाही. प्रोबची देखभाल करारातच घाला.

लॅबकोट: अडचण प्रोबच्याही आधी सुरू होते. एएसएम-१ला सीओडी (मैलापाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं प्राणवायूतलं माप) फोडून द्यावा लागतो: पटकन पचणारा, सावकाश पचणारा, अजिबात न पचणारा. आपल्या बहुतेक लॅबचा रोजचा अहवाल बीओडी (जिवाणूंना लागणारा प्राणवायू), सीओडी, टीएसएस (तरंगते घन कण) अशा एकगठ्ठा आकड्यांवर संपतो. मग सल्लागार बाहेरचे ठोकळ आकडे भरतात. आपलं मैलापाणी सेप्टिक टँकमधून, अडवलेल्या नाल्यांतून येतं, त्याची घडण वाटेतच बदललेली असते. शिवाय नियंत्रणाच्या पद्धती तपासायला जगभर वापरतात त्या बीएसएम-१ या नमुना प्लांटच्या मॉडेलमध्ये हवामानाच्या फाइली तीनच: कोरडं, पाऊस, वादळ. प्रत्येकी चौदा दिवसांची. आपला पावसाळा चार महिन्यांचा! डिझाइनसाठी मॉडेल जरूर वापरा, चालू प्लांट त्याच्यावर सोडू नका.

गोदाकन्या: लॅबकोट, निदान पटलं, उपाय नाही पटला. इथलं मैलापाणी कोमट, त्यामुळे अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू गाळाचं वय (तो टाकीत राहण्याचे सरासरी दिवस) कमी असलं तरी टिकतात. दर ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ते ४.५७ ग्रॅम प्राणवायू खातात, त्याचं वीजबिल आपण भरतोच. मधूनमधून हवा बंद ठेवली तर दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात. दर ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनमागे २.८६ ग्रॅम परत मिळतो, अमोनियाचं नायट्रेट होताना गेलेली क्षारताही (पाण्याची आम्ल झेपवण्याची ताकद) निम्मी भरून येते. हवा किती मिनिटं बंद ठेवायची, एवढं ठरवायला अख्खं एएसएम लागत नाही. अमोनियाचा एक सेन्सर आणि इथल्याच आकड्यांवर बसवलेलं छोटं मॉडेल पुरतं. एसबीआरमध्ये (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं आणि गाळ बसवणं) तर सोपंच, तिथे हवेचं वेळापत्रक आधीच पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकात) असतं.

शिफ्टवाला: आणि ताई, सेन्सरच बिघडला तर?

गोदाकन्या: तर प्लांट आपोआप जुन्या वेळापत्रकावर जाईल. ही अट निविदेत पहिली हवी.

नदीसाठी: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकड्यांनुसार देशातल्या शहरांत दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं, प्रत्यक्ष प्रक्रिया होते जेमतेम २०,२३६ वर. उरलेलं तसंच नदीत. पैसा आधी मलवाहिन्यांना द्या.

मुठाकाठ: त्याच आकड्यांत उभारलेली क्षमता ३१,८४१ आहे. म्हणजे जे बांधलं तेही पुरतं चालत नाही. चालवण्याकडे लक्ष द्यायचंच नाही का?

शिफ्टवाला: द्यायचं ना. पण कुठे पाणीच पोचत नाही, कुठे यंत्रं बंद पडलेली. ते मॉडेलने सुटत नाही. मला एक करून दाखवा: प्लांटवर येणाऱ्या अमोनियाची तासागणिक नोंद वर्षभर ठेवा, पावसाळ्यासकट. त्या नोंदीवर गोदाकन्याताईंचं छोटं मॉडेल खरं उतरलं, तर एका टाकीचा ब्लोअर त्याच्याकडे द्यायला मी तयार आहे. शेजारची टाकी आमच्याकडेच ठेवा आणि दोन्हींची वीज वेगळी मोजा.