टॅक्सी भर रस्त्यात अडवून तपासावी का?

वाटसरू:
काल आमची टॅक्सी तपासणीसाठी बाजूला घेतली. वीस मिनिटं मोडली, सोबतचे प्रवासी वैतागले. मला मात्र बरं वाटलं. मागच्या सीटबेल्टचं बक्कल सीटखाली गेलं होतं, ते तपासनिसाने काढायला लावलं. तोवर मी बेल्टविना बसले होते! गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट व्यवस्थित होतं, पण ते तपासणीच्या दिवसापुरतं बोलतं. टॅक्सी घरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त पळते, तशी झिजतेही. म्हणून तपासणी न सांगता, रस्त्यावरच व्हावी.

रातपाळी:
असहमत. मी टॅक्सी चालवतो. ऐन गर्दीत अडवलं की हातातलं भाडं जातं. आणि अडवतात कुणाला? जो लांबून टॅक्सी म्हणून ओळखू येतो त्याला. परवाना, बॅज, विमा सगळं आम्ही काढायचं, आणि खासगी गाडीत भाडं मारणारा शेजारून निघून जातो.

काटेकोर:
बिनपरवान्याचा मुद्दा रास्त आहे. खासगी वापराच्या विम्यात भाड्याचा प्रवासी सहसा धरलेला नसतो. अपघात झाला तर भरपाईसाठी त्याचेच हाल. पण दुसरा सुटतो म्हणून तुम्हाला तपासू नये, हे पटत नाही.

पाना_पक्कड:
गॅरेजमधून लिहितो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरखाली गेली की बऱ्याच देशांत टायर बाद धरतात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. बघायला मिनिट पुरतं. असा टायर पावसात पाणी बाजूला फेकू शकत नाही, चाक पाण्यावर तरंगतं, मग ब्रेक दाबून काय उपयोग? उलट ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि लांब उतारावर तापून उकळू शकतं. हे वरवर बघून कळत नाही. तेव्हा रस्त्यावरची तपासणी हवीच, पण तिच्यावर विसंबून गॅरेजची टाळू नका.

रातपाळी:
टायरचं मान्य. पण झोपेचं काय? सलग १७ तास जागं राहिलं की माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. मी तेवढा जागा राहून गाडी चालवली आहे, कारण मालकाला गाडीचे रोजचे पैसे द्यावे लागतात. माझे कागद तेव्हाही चोख होते.

वाटसरू:
हे वाचून हादरले. मग कामाचे तासही विचारायला हवेत. आणि तपासणी स्टँडवर, रांगेत उभे असताना केली तर? पास झालेल्याला तारखेचं स्टिकर द्यावं, महिनाभर पुन्हा अडवू नये.

काटेकोर:
स्टॅंडवर ठीक. स्टिकरला विरोध. महिनाभर सूट मिळाली की ‘अचानक’ उरतंच काय? झोप तर रोजची वेगळी.

रातपाळी:
स्टिकर नको तर नको. पण तपासनीस साध्या कपड्यांत, प्रवासी म्हणून त्या खासगी गाड्यांतही बसू दे. मग मला रोज अडवलं तरी तक्रार करणार नाही.