चिखलदरा की पचमढी, आणि नेमकं कधी? आईबाबा सोबत आहेत

मानेवाडा_एक्सप्रेस:
राम राम मंडळी, एक घरगुती भांडण सोडवून द्या. आईबाबा, आम्ही दोघं आणि पोरगी, सगळ्यांना घेऊन नागपूरहून कुठंतरी डोंगरात जायचं आहे, गाडी आपलीच, दोन रात्री, जास्तीत जास्त तीन. बायको म्हणते मे मध्येच जाऊ, शाळेला सुट्टी आहे आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) काय कूलरसमोर बसून काढायचा का. बाबांचं म्हणणं, जायचं तर पावसात आणि तेही चिखलदऱ्यालाच. माझ्या डोक्यात पचमढी आहे पण महिना ठरून नाही राहिला. हॉटेलवाल्यांना फोन केला तर कोणत्याही महिन्याचं विचारा, "साहब, यही तो बेस्ट सीझन है". बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा पायऱ्यांचं ध्यानात ठेवून सांगा.

सावनेर_नाक्यावरून:
मे मध्ये जा भाऊ, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर, पचमढी हजाराच्या थोडी वर, म्हणजे फरक साडेसातशे मीटरचा, आणि हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा-साडेसहा डिग्री उतरतो असं धरलं तर आपल्या वाट्याला येतात पाचेक डिग्री. इथं 45 असलं तर तिथं दुपारी 40 च्या आसपास. ते पण ऊनच झालं ना बाप्पा. रात्र मात्र खरंच सुखाची जाते, आणि धूपगडावर (1352 मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच टोक) संध्याकाळी वारं असं सुटतं की काकूंना पदर डोक्यावरून घ्यावा लागेल. अकरा ते चार खोलीतच पडून राहायचं. रजत प्रपाताची धार तेव्हा बारीक झालेली असते, धबधब्यासाठी जाऊन राहिले असाल तर मे नको.
रस्ता सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली. पहाटे पाचला निघा, जामसावळीला मारुतीचं दर्शन घ्या आणि ऊन चढायच्या आत सिल्लेवानीचा घाट पार करा.

परतवाड्याचा_जावई:
चिखलदऱ्याबद्दल मी सांगतो, सासरवाडीच पायथ्याशी आहे. उन्हाळ्यात नका जाऊ. डोंगर पिवळेजर्द, पाण्याची बोंब, भीमकुंडात पाहायला नुसते खडक. पाऊस लागला की तोच चिखलदरा ओळखू येत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये दुसरी गंमत, धुकं. पंचबोल पॉइंटला कठड्याशी उभं राहायचं, समोर पांढरा पडदा, दरी कुठं आहे तेच कळत नाही, आवाज दिला की तेवढा परत येतो आणि शेजारी मक्याचं कणीस भाजणाऱ्या बाईच्या शेगडीचा धूर धुक्यात मिसळतो. आम्हाला हे आवडते, पण "इतक्या दूरून आलो अन् काहीच दिसून नाही राहिलं" म्हणत चिडलेले लोकंही तिथंच भेटतात. शनिवार-रविवारी तर अर्धा विदर्भ घाटात अडकलेला असतो. मंगळवार-बुधवार पाहा. बाबांसाठी चिखलदराच सोयीचं, बरेच पॉइंट गाडीजवळ आहेत. गाविलगड किल्ल्यात मात्र त्यांना नेऊ नका, आतमध्ये चाल खूप आहे.

धंतोलीची_काकू:
पावसात पचमढीचा विचार असेल तर आधी पंचांग उघडा. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस नागद्वारची यात्रा असते, जंगलातली ती वाट वर्षातून तेवढीच उघडते आणि आपल्याकडचे लोकं झुंडीने जातात. यात्रेला जायचं तर जरूर जा, पण आराम करायला त्या आठवड्यात गेलात तर खोली नाही, पार्किंग नाही, शांती तर नाहीच. महाशिवरात्रीलाही तसंच, चौरागडावर त्रिशूळ घेऊन चढणाऱ्यांची गर्दी.
शिवाय पचमढीत वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात, नागपूरच्या जवळपास दुप्पट, आणि त्यातला बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच ओततो. बी फॉल धबधब्याच्या पायऱ्या कोरड्या असतानाही माझा जीव काढतात, ओल्या शेवाळावर दुखऱ्या गुडघ्यांना तर नेऊच नये.

सावनेर_नाक्यावरून:
काकू बरोबर. आणि एक राहिलं, धूपगड, बी फॉलला आपली गाडी जाऊ देत नाहीत, तिथलीच जिप्सी करावी लागते. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर ठरवा, नाहीतर भाव विचारूच नका.

रामदासपेठ_नाईट_शिफ्ट:
सगळे मे अन् जुलैवर का अडकले बे? दसऱ्यानंतरचा काळ घ्या ना. इथं ऑक्टोबर हीटनं जीव नकोसा झालेला असतो, वर मस्त गारवा, धबधब्यांना पाणी आहे, हवा धुतल्यासारखी, धूपगडावरून रांगेमागं रांग दिसते. वाघांच्या जंगलाचे कोअर गेटही 1 ऑक्टोबरपासून उघडतात, म्हणजे पोरीला सफारी होऊन जाईल. फक्त दिवाळीचे पाच-सहा दिवस सोडा. डिसेंबर मला तितका पटत नाही, नाताळच्या आठवड्यात रेट दुप्पट आणि पहाटे आंघोळीला उठवत नाही.

धंतोलीची_काकू:
रेटचं खरं, पण थंडीला नाव ठेवू नका हो. जानेवारीच्या मधल्या वारी जा, उन्हात बसून पोहे खायचे आणि दुपारभर फिरायचं, घाम नाही की छत्री नाही. म्हाताऱ्या माणसांना दम्याचा त्रास असेल तर मात्र स्वेटर, कानटोपी, सगळं न्या, पहाटे पारा फार खाली जातो.

मानेवाडा_एक्सप्रेस:
वाचून दाखवलं सगळ्यांना. बाबा "धुकं" ऐकूनच खूश झाले, म्हणजे सप्टेंबरात एका बुधवारी दोघांना घेऊन चिखलदरा, आणि पचमढी दिवाळीची गर्दी ओसरली की, शाळा उघडायच्या आत. मे कॅन्सल, बायको रुसून बसली आहे. जावईबापू, परतवाड्याहून वर चढताना सकाळी किती वाजता धुकं कमी असतं, काही अंदाज?

परतवाड्याचा_जावई:
पावसाळ्यात धुक्याचा भरवसा नाही राजेहो. उजेड झाल्यावरच घाट चढा, हेडलाइट लो बीमवर ठेवा, वळणावर हॉर्न. आणि निघायच्या आधी परतवाड्यातच टाकी फुल करून घ्या.